अर्धा ग्लास संत्र्याचा

त्या बुधवारी दुपारी ती वडिलांच्या दुकानात न सांगता गेली, आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या तिला संत्र्याचा वास आला.

शिंप्याच्या दुकानाचे वास तिला लहानपणापासून पाठ होते. गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा, मशीनच्या तेलाचा, खडूचा, उसवायला आलेल्या जुन्या कोटांचा. संत्रं त्यात कुठेच बसत नव्हतं. वडील कापायच्या मोठ्या टेबलामागे पाठमोरे उभे होते. चाहूल लागताच त्यांनी बाहीने ओठ पुसले आणि वळून इतकं गोड हसले, की तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आज इकडे कशी? छापखान्याला सुट्टी?"

"पलीकडच्या गल्लीत प्रुफं द्यायची होती. म्हटलं, डोकावून जावं."

"डोकाव की. हा बघ तुझा कोट."

टेबलावर राखाडी लोकरीचं कापड पसरलेलं होतं. त्यावर पाठीची आणि बाह्यांची खडूची आखणी होती. एक रेघ मात्र खांद्यापाशी भलतीकडेच गेली होती, मग हाताने पुसून पुन्हा ओढलेली होती. चाळीस वर्षांत तिने वडिलांना रेघ पुसताना पाहिलं नव्हतं.

"कापायचा कधी?"

"उद्या. आज हात जरा..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"हात जरा काय?"

"रिकामा नाही म्हणत होतो."

ती टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली. "बाबा, रस प्यालात?"

"कसला रस?"

"संत्र्याचा."

"छे! कोणी सांगितलं?"

"नाकाने."

"तुझं नाक छापखान्यात फुकट चाललंय. पोलिसात भरती कर त्याला." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. तिने हसायचं टाळलं. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, ते तिला दिसले. पकडली गेलेली माणसं घामाघूम होतातच, असं ती मनाशी म्हणाली.

चुका शोधण्याचाच तिला पगार मिळत होता. वीस वर्षं ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. कादंबऱ्या, कायद्याची पुस्तकं, पाककृती, प्रवासवर्णनं, सगळं तिच्या टेबलावरून जाई, आणि जे जाई ते तिच्या डोक्यात राही. आहारावरचं एक जाडजूड पुस्तक तर तिने तीनदा तपासलं होतं. त्यात फळांच्या रसावर अख्खं प्रकरण होतं. एका ग्लासात चार संत्री जातात. चार संत्री एका बैठकीत सोलून खाणारा माणूस विरळा, पण ग्लास मात्र उभ्या उभ्या रिकामा होतो. चोथा जातो कचऱ्यात, आणि ज्याला अडवायला चोथाच उरला नाही ती साखर रक्तात धावत सुटते. दातांवरचा थर झिजतो. ज्याची मूत्रपिंडं कमजोर त्याला तर काही रस सरळसरळ बाधतात. त्याच प्रकरणात रसाच्या बाजूनेही दोन पानं होती. चावता न येणाऱ्या आजाऱ्याला, अशक्ताला, आणि ज्याची साखर एकाएकी खाली जाते त्याला रस कसा उपयोगी पडतो, हेही तिथे लिहिलं होतं. त्या पानांतल्या अनुस्वाराच्या दोन चुकाही तिने काढल्या होत्या. मजकूर मात्र लक्षात ठेवला नव्हता.

वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा तिने सूत्रं हातात घेतली. ती चार गल्ल्या सोडून राहायची. वडील दुकानाच्या वरच्या घरात, त्यांच्या बहिणीबरोबर, म्हणजे तिच्या आत्याबरोबर. आत्याच्या स्वयंपाकघरात तिने तराजू आणून ठेवला. फ्रिजवर यादी चिकटवली, आणि यादीत सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं: रस पूर्ण बंद. डॉक्टर म्हणाले होते, "या वयात साखर थोडी वर राहिली तरी चालतं. फार खाली ओढायला जाऊ नका." तिने त्यांच्यापुढे दोन पुस्तकांतली दोन पानं उघडून ठेवली. शेवटी डॉक्टरांनी, पटलं म्हणून की कंटाळून कोण जाणे, एका गोळीच्या दोन केल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला ती फोन करायची.

"किती?"

"एकशे बारा."

"छान."

कधी एकशे आठ, कधी एकशे अठरा. आकडे असे सरळ रेषेत चालले होते, की प्रुफात एकही चूक न सापडलेल्या पानाकडे बघावं तसं तिला वाटायचं. म्हणूनच तो संत्र्याचा वास तिला जास्त झोंबला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कुठे, ते तिला साधारण ठाऊक होतं. आत्याने आधीच कान भरले होते. "तुझा बाप अधूनमधून साडेअकराच्या सुमाराला कोपऱ्यावर जातो. जाताना पांढराफटक, येताना गालावर लाली. या वयात असली लाली औषधाने येत नाही गं."

कोपऱ्यावर, चार दुकानं सोडून, रसाचं दुकान होतं. तिथल्या बाईला सगळी गल्ली मामी म्हणायची. ती नेमकी कोणाची मामी हे कोणालाच माहीत नव्हतं. जाडजूड, नाकावर घसरलेला चष्मा, आणि अंगात पुरुषी धाटणीचं हिरवं जाकीट. वडिलांच्या दुकानातून निघून मुलगी तडक कोपऱ्यावर गेली आणि तिची नजर आधी मामीच्या त्या जाकिटाकडेच गेली. कॉलरच्या कडेला बारीक तिरपे हातटाके होते. वडिलांचे ते टाके ती डोळे मिटूनही ओळखू शकली असती. म्हणजे मजल जाकिटापर्यंत गेली होती तर!

"मामी, माझे वडील तुमच्याकडे रस पितात?"

मामीने संत्रं दाबायच्या यंत्राचा दांडा फडक्याने पुसला. "गिऱ्हाईक इथे काय पितं, ते मी त्याच्या घरी सांगत नाही, ताई."

"ते गिऱ्हाईक नाहीत. पेशंट आहेत. यापुढे त्यांना एक थेंब द्यायचा नाही. दिलात तर मी आरोग्य खात्यात अर्ज करीन."

मामी चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिली. बघण्यात राग नव्हता. काहीतरी मोजत असल्यासारखं ते बघणं होतं, आणि तेच तिला खटकलं.

"मास्तरांशी बोललात का तुम्ही?"

"ते माझं मी बघते."

"मग बोला. आजच बोला."

काय आगाऊ बाई आहे, असं मनात म्हणत ती छापखान्यात परतली.

संध्याकाळी सातला तिने फोन केला. "किती?"

पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली. मग, "एकशे दहा."

संत्र्याचा रस पिऊन एकशे दहा! हा आकडा खोटा आहे हे तिला स्वच्छ दिसलं. पण फोनवर तोंड वाजवण्यापेक्षा रविवारी समोर बसवून बोलू, असं तिने ठरवलं.

"छान," ती म्हणाली. 'छान' इतक्या कोरडेपणाने म्हणता येतं हे तिला तोवर माहीत नव्हतं.

"उद्या कोट कापतो तुझा."

"बरं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी साडेदहाला पँटची लांबी कमी करून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला मास्तर कापायच्या टेबलावर डोकं टेकून बसलेले दिसले. त्याला वाटलं, डुलकी लागलीय. कात्री बोटांतच होती. रुग्णवाहिका आली, दवाखान्यात नेलं, आणि दुपारी दोनच्या आत सगळं संपलं. गोळ्या देणारे तेच नेहमीचे डॉक्टर बाहेर आले आणि हृदय, साखर, वय असं काहीबाही सांगू लागले. त्या सगळ्या बोलण्यातून तिच्या कानांनी एकच शब्द उचलला.

"साखर किती होती?" तिने विचारलं.

"इथे आणलं तेव्हा? दोनशे चौदा."

तिने मान हलवली. पुढचं तिने ऐकलंच नाही. दोनशे चौदा. म्हणजे मामीने तिचं ऐकलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे तिने अश्रू फारसे ढाळले नाहीत. तिला काम होतं. दुकान रिकामं करायचं निमित्त होतं आणि तिच्या हातात पिशवी असायची, पण खरं तर ती पुरावे गोळा करत होती. कचऱ्याच्या डब्यात कापडाच्या चिंध्यांखाली संत्र्याच्या वाळक्या साली सापडल्या. एकदोन नाही, ओंजळभर. दोऱ्यांच्या रिळांच्या खोक्यामागे एक ग्लास सापडला, मामीच्या दुकानातला, तळाशी पिवळा थर वाळून चिकटलेला. तिने तो कागदात गुंडाळून ठेवला. गिऱ्हाइकांच्या खिशातून निघालेल्या पावत्या, बटणं, एक हरवलेली अंगठी, या सगळ्यांपेक्षा तिला तो ग्लास जपून ठेवावासा वाटला.

मापवह्याही निघाल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. छाती, कंबर, बाही, आणि खाली वडिलांच्या बारीक अक्षरात एक शेरा. त्यांची ती जुनी रीत तिला ठाऊक होती. "डावा खांदा उतरता. आतून गादी देणे. बोलायचं नाही." "पोट वाढलंय, स्वतः मानत नाही. शिवण सोडून ठेवणे. बोलायचं नाही." माणसाच्या अंगात जे वाकडं असेल ते कापडात गुपचूप सरळ करून द्यायचं आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, यात वडिलांचा सगळा अभिमान साठवलेला होता. तिने दोन-तीन पानं चाळली आणि वह्या बाजूला ठेवल्या. त्यांत रसाबद्दल काही असेल असं तिला वाटलं नाही.

आत्या जिन्याच्या पायरीवर बसून तिचं उकरणं बघत होती.

"काय शोधतेस एवढं? गेला तो गेला."

"कशाने गेला ते शोधतेय."

"कशाने म्हणजे? हृदयाने."

"आत्या, साखर दोनशे चौदा होती. त्या बाईने पाजलं. सांगूनसवरून पाजलं."

आत्याने पदराने नाक पुसलं. "पाजलं असेल तर बरंच केलं म्हणायचं. निदान पोटात काहीतरी गेलं. त्या दिवशी सकाळी माझ्या भावाने काय खाल्लं माहितीये? अर्धा पाव. तुझ्या तराजूवर अर्धाच बसतो ना. वर त्या दोन गोळ्या. म्हटलं, अरे, उरलेला अर्धा खा. म्हणाला, यादीत नाही."

"आत्या, आता हे काढू नकोस."

"मी कशाला काढू? तूच काढतेयस घरभर."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने छापखान्याच्या मशीनवर अर्ज टंकून काढला. आरोग्य अधिकारी यांस. मधुमेही रुग्णास, त्याच्या मुलीने स्पष्ट मनाई केलेली असताना, साखरयुक्त पेय विकल्याबाबत. चार वेळा तपासला. एक स्वल्पविराम काढला, पुन्हा घातला. सोबत दवाखान्याच्या कागदांची प्रत जोडली. त्यात रुग्णवाहिकेतल्या माणसांनी हाताने भरलेला एक निळसर कागद होता, कार्बनची पुसट प्रत. त्यावरच्या शेवटच्या ओळीतल्या २१४ या आकड्याखाली तिने लाल शाईची रेघ ओढली.

अर्ज पोस्टात टाकायच्या आधी मामीचं तोंड बघायचं तिने ठरवलं. नुसत्या कागदाने तिचं समाधान होणार नव्हतं. कागद वाचताना त्या बाईचा चेहरा कसा पडतो ते तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

सकाळचे दहा वाजले होते. कोपऱ्यावर एक गिऱ्हाईक सफरचंदाचा रस संपवून निघून गेलं. मामी उलट्या ठेवलेल्या ग्लासांची रांग सारखी करत होती. अंगात तेच हिरवं जाकीट. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला ग्लास काढून मामीपुढे फळीवर ठेवला, मग अर्ज ठेवला.

"हा तुमचा ग्लास. आणि हा माझा अर्ज. वाचा."

मामीने कागद उलगडून ग्लास पाहिला आणि हातातच धरून ठेवला. मग एका हाताने अर्ज वाचू लागली, ओठ हलवत, सावकाश. तिचा चेहरा पडेना.

"याला जोडलेला कागद कुठेय म्हणता?"

"मागे."

मामीने पान उलटलं, निळसर कागद उजेडात धरला, आणि चष्मा वर सारला. मग तिने कागद फळीवर तिच्याकडे फिरवला आणि लाल रेघेच्या वर, दोन ओळी सोडून, बोट ठेवलं. संत्र्याच्या सालींनी पिवळं पडलेलं नख.

"ताई, हे काय लिहिलंय? तुम्ही वाचणाऱ्या आहात, वाचा."

"वेळ. दहा चाळीस."

"पुढे."

अक्षर घाईचं होतं, कार्बन पुसट होता. पण यापेक्षा वाईट अक्षरांची हस्तलिखितं तिने आयुष्यभर वाचली होती.

"अडतीस," ती म्हणाली.

"खालच्या ओळीत?"

"शिरेतून ग्लुकोज दिलं." आणि त्याखाली, तिने स्वतः लाल रेघ मारलेला, त्यानंतरचा आकडा.

समोरच्या रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"माझे मालक अकरा वर्षं इन्सुलिनवर होते," मामी म्हणाली. "असले कागद माझ्या घरात वहीसारखे साठलेत. अडतीस म्हणजे माणूस तळाला गेलेला असतो. रस प्यालेल्या माणसाची साखर अशी नसते हो."

"मग ते... त्यांना..."

"बसा आधी." मामीने फळांचं रिकामं खोकं पुढे सरकवलं. ती बसली नाही. मामी उभ्यानेच सांगू लागली.

"दोनेक महिन्यांमागे मास्तर इथे आले. घामाने निथळत. शर्टाची बटणं चुकीच्या काजांत लावलेली. शिंप्याची बटणं, ताई! मी म्हटलं, काय हो मास्तर, आज कोणाच्या हातचं घातलंत? तर त्यांनी खिशातून टेप काढली आणि माझ्या या फळीचं माप घ्यायला लागले. म्हणतात कसे, 'बाई, तुमचं टेबल कंबरेत सैल झालंय.' मला आधी हसू आलं. मग त्यांचे हात बघितले आणि माझं हसू पळालं. मालकांचं असंच व्हायचं. अर्धा ग्लास संत्र्याचा दिला. वरून साखर नाही, काही नाही. पंधरा मिनिटांत माणसात आले, वर पाव खायला लावला. विचारतात, 'मी इथे कसा?'"

"मला कोणी सांगितलं नाही."

"मी म्हटलं, डॉक्टरला सांगा, मुलीला सांगा. ते म्हणाले, 'मुलीला सांगितलं तर ती दुकान बंद करेल. आणि तिने एवढी मेहनत घेतलीय, तिला वाटेल तिचंच चुकलं.' नंतर चांगलेच चटावले होते. बरे असले तरी मागायचे. मी द्यायची नाही. म्हणायची, हात पुढे करा. थरथरत असतील तर रस, नसतील तर अख्खं संत्रं घेऊन जा आणि चावून खा. कुरकुरायचे, 'मामी, तू माझ्या मुलीपेक्षा कडक.' रसाचं दुकान माझं, मलाच ठाऊक नाही होय, कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये?"

डब्यातल्या ओंजळभर साली तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

"दुकानात एक बाटली ठेवा, म्हटलं होतं मी. म्हणाले, 'मुलगी कपाटं तपासते.'"

ती तपासायची. दर रविवारी.

"हे जाकीट?" तिने विचारलं. इतक्या सगळ्यातून तिच्या तोंडून हेच निघालं.

"त्या पहिल्या दिवसाच्या रसाच्या बदल्यात शिवून दिलं. माझी पाठ वाकलीय, म्हणून मागून असं काही कापलंय की कोणाला कळत नाही. मलाही आरशातच कळलं."

"गुरुवारी तुम्ही त्यांना दिला नाहीत," ती म्हणाली. तिच्या आवाजात आरोप उरला नव्हता. कुठूनतरी तो यावा म्हणून ती अजून वाट पाहत होती.

"गुरुवारी ते आलेच नाहीत. बुधवारी संध्याकाळी मी सांगितलं त्यांना, तुमची मुलगी येऊन असं असं बोलून गेली. हसले. म्हणाले, 'तिचं बरोबर असतं.'" मामीने ग्लास फळीवर ठेवला, पुन्हा उचलला. "आले असते तर दिला असता, ताई. तुमच्या अर्जासकट दिला असता. मी इथून बघत होते. साडेदहापर्यंत दुकानाच्या दाराकडे बघत होते. मीच उठून जायला हवं होतं, चार दुकानं तर अंतर. मला वाटलं, तुम्ही बोलला असाल आदल्या दिवशी."

तिने अर्जाची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. कागद छोटा होत गेला, पण पर्समध्ये मावेना, असं काहीतरी होत होतं.

"रस देऊ का थोडा?" मामीने विचारलं. "तुमचेही हात..."

"नको," ती म्हणाली. मग दोन पावलं जाऊन परत फिरली. "मामी, मी तुमच्याबद्दल..."

"माहितीये. जा आता."

दुपारी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी निळा कागद पाहिला आणि तिच्याकडे पाहिलं. "साखर इतकी खाली गेली की हृदयावर ताण पडतो. त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं, हेही खरं. कशाने काय झालं, हे मी खात्रीने लिहून देऊ शकणार नाही. त्या दिवशी हे सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मी ऐकलं नाही."

"तुम्ही किती विचारलंत, मी आकडा सांगितला," डॉक्टर म्हणाले. मग कागद परत करत, "घरचे आकडे चांगले होते ना? तुम्ही मला दाखवलेले. एकशे दहा, एकशे बारा. ते बघून मीही गोळी कमी केली नाही."

कशाने काय झालं. ती रस्त्याने हे तीन शब्द उलटसुलट करत चालली होती. संशयाला आता जायला दुसरं घर उरलं नव्हतं. तो तिच्याबरोबर चालत होता, पावलाला पाऊल लावून.

संध्याकाळी ती दुकानात गेली. शटर अर्धंच वर केलं आणि वाकून आत शिरली. टेबलावर राखाडी कापड अजून तसंच होतं. पाठ अर्धी कापलेली. कात्री जिथे थांबली होती तिथे कापडाला एक छोटा कंगोरा आला होता.

बाजूला ठेवलेली शेवटची मापवही तिने ओढून घेतली. या कोटाची मापं त्यात असणार होती. तिचं पान सापडलं. छाती, खांदा, बाही. खाली शेरा होता: "मान पुढे येते, वाचून वाचून. कॉलर मागून अर्धा इंच उचलणे. बोलायचं नाही."

तिचा हात आपोआप मानेकडे गेला.

तिने पान उलटलं. पुढच्या पानावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं: स्वतः. छाती नाही, कंबर नाही. तारखा होत्या. पट्टी धरून आखलेले तीन रकाने होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मथळा. किती. फोनवर किती. कसं वाटलं.

"५४. फोनवर ११२. सुईच्या जागी दोन सुया."

"६१. फोनवर १०८. मशीनचा आवाज लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखा."

"४९. फोनवर ११८. मामीचा अर्धा ग्लास. उगीच रडू आलं. मग बरं."

"१०४. फोनवर १०४. छान वाटलं. संत्रं गोड होतं."

खरा आकडा सांगता आला त्या दिवशी त्यांनी ओळीखाली खडूची रेघ ओढली होती. अशी रेघ दोन महिन्यांत तीनदाच होती. बोटाने स्पर्श केला तर पुसली जाईल म्हणून तिने हात मागे घेतला.

शेवटची ओळ बुधवारची होती.

"५२. फोनवर ११०. हात ऐकत नव्हता, रेघ पुसावी लागली. ती आली होती. घाम बघितला तिने, पण काही विचारलं नाही. बोलायचं नाही."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. एकही चूक नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. रोज या वेळेला वडील मशीन थांबवायचे, चष्मा काढायचे आणि खिडकीजवळच्या स्टुलावर फोनची वाट पाहत बसायचे. आत्याने हे तिला अनेकदा सांगितलं होतं. ती त्या स्टुलावर बसली नाही. त्याच्या समोर, कापायच्या टेबलाच्या अलीकडे, उभी राहिली. सवयीने तिचे ओठ 'किती' म्हणायला हलले, आणि तिने ते मिटून घेतले.

मग रिकाम्या स्टुलाकडे बघत, शेजारच्या दुकानातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, तिने विचारलं,

"बाबा, कसं वाटतंय तुम्हाला?"